कोनाड्यातलं मेण

बंदूक माझी होती आणि बोटं गेली लालसूभाऊची. एवढं एक वाक्य बोलायला मला तीन वर्षं लागली. पोलिसासमोर बोललो नाही, विहारात बोललो नाही, बायकोसमोर बोललो ते अर्धंच. आता पुरतं सांगून टाकतो. कोणाला मधेच माझी कीव यायला लागली तर त्यानं तिथंच थांबावं, मला ती नको आहे.

मी गुलाब. गडचिरोलीत एका सरकारी वर्कशॉपात टर्नर आहे. ट्रक-जिपांचे दांडे, बुश, पिना लेथवर घासून मापात आणायच्या, हे माझं काम. आमच्या घरात सरकारी पगार आला तो माझ्यापासून. बापानं गुणवंतराव मालगुजाराच्या बांध्यांत चिखल तुडवत जन्म काढला आणि मरेपर्यंत त्याला 'मालक' म्हटलं. मी नोकरीला लागल्या दिवसापासून 'गुणवंतराव' म्हणायला लागलो. त्याला ते आवडायचं नाही आणि मला फार आवडायचं.

त्र्याऐंशीच्या दिवाळीनंतर हा गुणवंतराव स्वतः चालत माझ्या दारात आला. हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं. बसा म्हटलं तर बसला नाही. पाणी घ्या म्हटलं तर म्हणाला, "आत्ताच पिलो." पाच मैल उन्हातून आलेला माणूस, कुठं पिला असेल तो पाणी? असो. फडकं सोडलं तर आत रिव्हॉल्व्हर. त्याच्या आज्याला कुण्या इंग्रज साहेबानं दिलेलं, जुन्या चालीचं. त्यात काडतूस नसतं. सहा घरांची एक चक्री असते. एकेका घरात पुढून बारूद घालायची, वर शिशाची गोळी ठासायची, मागे ठिणगी पाडणारी तांब्याची टोपी बसवायची. घोडा टोपीवर पडला की बार निघतो आणि चक्री फिरून पुढचं घर समोर येतं.

"चक्री अडकते, तेवढी मोकळी करून दे," तो म्हणाला. "बाकी कशाला हात लावू नको. ही वस्तू तुमच्या हातची नाही."

'तुझ्या' नाही म्हणाला, 'तुमच्या' म्हणाला. आणि ते काही मला मान द्यायला नाही. त्यातले 'तुम्ही' कोण ते मला लहानपणापासून ठाऊक आहे. झालं, माझं डोकं फिरलं.

चक्री मोकळी करायचं काम तासाभराचं होतं. मी ती बंदूक पंधरा दिवस ठेवून घेतली आणि तिच्या प्रत्येक तुकड्याचं माप काढलं. मग वर्षभर, सुटी झाल्यावर, भंगारातल्या लोखंडातून मी तिची नक्कल केली. लोखंड सरकारी, लेथ सरकारी, चोरी म्हणायची तर म्हणा. लायसन नव्हतं आणि मागितलं असतं तर मिळालंही नसतं. वच्छलेला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगितलं की एका साहेबाचं काम आहे. चौऱ्याऐंशीच्या हिवाळ्यात ती तयार झाली. लाकडी मूठ, काळी नळी, चक्री फिरवली की टक-टक-टक असा साफ आवाज. खरं सांगतो, पोरगा झाला तेव्हाही मी इतका वेळ पाहत बसलो नव्हतो.

आता लालसूभाऊ. धानोऱ्याच्या पुढं चार मैल आत जंगलात एक टोला, म्हणजे वाडी, तिथला हा गोंड शेतकरी, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. त्याच्याजवळ आज्याच्या वेळची भरमार होती, तोंडाकडून ठासायची लांब नळीची बंदूक. रानडुकरांपासून धान राखायला तिचं लायसन होतं. एकदा तिचा घोडा ढिला झाला म्हणून कोणीतरी त्याला माझ्या घरी पाठवलं. मागच्या छपरीत माझा बाक आहे, त्यावर लोखंड आवळून धरायचा एक जुना वाईस, त्याच्या जबड्याचा एक दात तुटलेला. लालसूभाऊ त्या वाईसजवळ उकिडवा बसून माझं काम पाहायचा. मग येतच राहिला. कधी चारोळी आणायचा, कधी मध. वच्छला त्याला जेवल्याशिवाय जाऊ द्यायची नाही.

माझी बंदूक मी सगळ्यात आधी त्यालाच दाखवली. त्यानं चक्रीची सहा तोंडं पाहिली आणि हसला. "हे तं सहा पिल्लाची माय हाय रे," म्हणाला. बारूद त्याची, टोप्या त्याच्या, लायसनावर मिळणाऱ्या. त्या हिवाळ्यात दर रविवारी आम्ही त्याच्या शेतामागच्या नाल्यात जायचो आणि वाळक्या भोपळ्यांवर बार काढायचो. बार निघाला की पांढरा धूर आणि सडक्या अंड्याचा वास, मग दोघं खोकत-हसत धूर सरायची वाट पाहायचो. मी लहानपणी कधी खेळलो नाही, ते त्या नाल्यात खेळलो.

पहिल्या दिवशीच मी गोळ्या ठासल्या आणि घोडा ओढणार, तर त्यानं माझं मनगट धरलं.

"थांब. बाजूच्या घरात बारूद उघडी हाय."

"उघडी कुठी? गोळी हाय ना वरतं."

"गोळीच्या कडेनं फट हाय. बारूद ठेवून बाजूले आग लावत असते काय कोनी? एका घरची आग साऱ्या घरांत जाईन."

त्यानं कमरेची डबी काढली आणि टोरीचं तेल, म्हणजे मोहाच्या बियांचं, बोटानं सहाही तोंडांवर थापलं. हिवाळ्यात ते तेल तुपासारखं थिजतं, चांगलं घट्ट बसलं. तेव्हापासून तोच नेम झाला. गोळी, मग तेल, मग बार. मी मात्र त्याला एका गोष्टीवरून चिडवायचो. भरमार मारायची सवय असल्यामुळं त्याचा डावा हात आपोआप नळीखाली पुढं जायचा. "अरे लालसूभाऊ, ही हातभर बंदूक, हिले दोन हात कायले?" तो म्हणायचा, "आदत हाय बाबू, हात आयकत नाई."

होळीच्या सुमारास त्यानं सांगितलं, "आता बार बंद कर. उनात तेल पातळ होते, बसत नाई. त्याच्यात मेण मिसळा लागते. मी आनतो आग्या मोहोळाचं."

"माहं माप पक्कं हाय," मी म्हटलं. "गोळी इतकी घट्ट बसते, तेल नसलं तरी काई होत नाई."

"माप तुहं असन पक्कं. ऊन कोनाच्या मापात हाय?" एवढं बोलून त्यानं विडी पेटवली.

पंच्याऐंशीच्या मे महिन्यात मी गुणवंतरावाला निरोप पाठवला, की तुमच्या बंदुकीची जोडीदार आहे, पाहायची असेल तर तुमच्या आमराईत घेऊन येतो. कशाला पाठवला? त्यानं 'तुमच्या हातची नाही' म्हटलं होतं ना, ते त्याच्या तोंडानं मागं घ्यायला लावायचं होतं. दुसरं काही नाही. सहाही घरं मी सकाळी घरीच भरून तेल थापलं. निघणार तेवढ्यात लालसूभाऊ आला, हातात पळसाच्या पानात बांधलेला मेणाचा गोळा.

"मेण आनलं. काढ ते तेल, पाच मिनटाचं काम हाय."

"आता भरून झालं. मालगुजार वाट पाहून राह्यला असन. ठेव तिथी कोनाड्यात."

त्यानं ठेवलं. मी बंदूक कापडी पिशवीत घातली, पिशवी सायकलीच्या हँडलला अडकवली आणि त्याला मागे बसवून तासभर उन्हातून नेलं. त्या उन्हात डांबरसुद्धा टायरला चिकटत होतं.

गुणवंतराव आंब्याखाली खुर्ची टाकून बसला होता, आज्याची बंदूक मांडीवर. आम्ही उभे. मी त्याला एक क्षण पाठ फिरवायला सांगितलं, दोन्ही बंदुका फडक्यावर शेजारी ठेवल्या, मग विचारलं, "सांगा, तुमची कोणती?" त्यानं वाकून पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि माझ्या बंदुकीवर बोट ठेवलं. माझ्या. मी जिंकलो होतो. तिथंच फडकं गुंडाळून घरी आलो असतो तर आज हे सांगायची पाळी आली नसती.

"दिसायला झाली," गुणवंतराव म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "बार निघतो काय? की नुसती शोभेची?"

पिशवीतून काढताना जिंकायच्या नादात लक्ष गेलं नव्हतं; आता मी ती उचलली आणि माझा तळवा ओला झाला. पिशवीच्या बुडाला हाताएवढा डाग पडला होता. तेल सगळं वितळून गळालं होतं. मी टर्नर आहे, तेल कुठून गळालं आणि कुठं उरलं नाही, हे मला न पाहता कळतं. मला कळलं. हे नीट ऐका, कारण माझी खरी लाज इथं आहे. मला पूर्ण कळलं होतं. फक्त 'आज नाही, पुन्हा भरून आणतो' एवढं म्हणायचं होतं, आणि ते त्या खुर्चीतल्या माणसासमोर माझ्यानं म्हणवलं नाही. आणि स्वतः घोडा ओढायची माझी हिंमतही झाली नाही.

मी म्हटलं, "लालसूभाऊ, तूच मार. तुहा नेम चांगला हाय."

त्यानं बंदूक घेतली. अंगठा बोटांवर घासला. माझ्याकडे पाहिलं. मी गुणवंतरावाकडे पाहिलं. मग लालसूभाऊ वळला, उजव्या हातानं मूठ धरली आणि डावा हात सवयीनं नळीखाली पुढं गेला. तो हात जाताना मी पाहिला. मी बोललो नाही.

एका बाराबरोबर तीन घरं उडाली. धूर गेला तेव्हा तो गुडघ्यावर बसला होता आणि डाव्या हाताची दोन बोटं नव्हती. तो ओरडला नाही. हात पोटाशी धरून नुसता हुं-हुं करत राहिला. मी दुपट्टा फाडून बांधला, तेवढं केलं.

गुणवंतराव खुर्चीवरून उठून दूर जाऊन उभा राहिला. म्हणाला, "माझं नाव यात यायला नको. तुझी तर नोकरी जाईल. आणि हल्लीच्या दिवसांत या जंगलात बिनलायसनची बंदूक सापडली तर नुसती नोकरीच जात नाही. याच्याकडे भरमार आहे ना? शेतावर ती फुटली म्हणा."

मी म्हटलं, "हो मालक."

आठ वर्षं तो शब्द माझ्या तोंडात आला नव्हता. त्या वेळी आपसूक आला.

बैलबंडीत लालसूभाऊचं डोकं माझ्या मांडीवर होतं. त्यानं सगळं ऐकलं होतं. म्हणाला, "मनतो मी, भरमार फुटली. तुही नवकरी हाय." दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, हवालदारानं विचारलं, दोघांना त्यानं तेच सांगितलं. हवालदारानं लिहून घेतलं आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "तुम्ही ओळखीचे ना? मग फुटलेली बंदूक उद्या ठाण्यात जमा करा."

फुटलेली बंदूक. आम्ही तिघांनी खोटं ठरवलं, पण भरमार तर त्याच्या घरी आढ्याला धडधाकट टांगलेली होती, हे कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी टोल्यावर गेलो. लालसूभाऊची बायको, सुकरीबाई, मोहाच्या टोऱ्या फोडत बसली होती. तिला म्हटलं, पोलिसांना बंदूक पाहायची आहे. तिनं आढ्यावरून भरमार काढली, पदरानं पुसली आणि माझ्या हातात देऊन म्हणाली, "रोवणीच्या आंदी आनून देजो भाऊ. मंग डुकरं आयकत नाईत."

मी ती छपरीत आणली. वच्छलेला पाणी भरायला पाठवलं. जिचा घोडा मीच नीट करून दिला होता, ती बंदूक मी त्याच वाईसमध्ये आवळली आणि छिन्नी लावून घणानं तिची नळी उकलली. चांगलं लोखंड होतं. सहज उकललं नाही. घाम पुसून पुसून मारत होतो. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात वाईट काम आणि तेसुद्धा मी सफाईनं केलं. फाटलेल्या कडांना आतून काजळी लावली. ठाण्यात हवालदारानं एक नजर टाकली, चिठ्ठी बांधून ती कोपऱ्यात उभी केली आणि लालसूभाऊचं लायसन निष्काळजीपणामुळं रद्द झालं.

मी सुटलो. नोकरी राहिली. पौर्णिमेला विहारात पंचशील म्हणायचा मान माझा, तोही राहिला. फक्त चौथ्या शीलाला, खोटं न बोलण्याच्या, मला दर वेळी खोकला येतो. लोक म्हणतात, गुलाबभाऊला धुळीचा त्रास आहे.

त्याच वर्षी कार्तिकात मी टोल्यावर गेलो होतो. एकदाच. धान निसवलं होतं आणि अर्ध्या बांध्या डुकरांनी लोळवल्या होत्या. सुकरीबाई मचाणावर बसून पत्र्याचा डबा बडवत होती. ओरडून ओरडून तिचा आवाज बसला होता, तरी मला पाहून तिनं हात वर केला. मी तिथूनच परत फिरलो, पुन्हा गेलो नाही. लालसूभाऊही आला नाही.

आला तो गेल्या महिन्यात, अठ्ठ्याऐंशीच्या दसऱ्यानंतर. मी छपरीत होतो. तो नेहमीसारखा वाईसजवळ उकिडवा बसला. तीन बोटांच्या हातात गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"केस मिटली. बंदूक वापस देल्ली पोलिसायनं," त्यानं गोणपाट सोडलं. "तिचा आता काई उपेग नाई मनते."

मी म्हटलं, "हं."

त्यानं फुटकी नळी मांडीवर घेतली आणि तिच्या पाठीवर अंगठा फिरवला. तिथं वाईसच्या जबड्याचे वळ होते, दोन्ही बाजूंनी, आडव्या-उभ्या रेघांचे. आणि एका जागी वळ नव्हता, जिथं माझ्या वाईसचा दात तुटलेला आहे. तो नळी वाईसजवळ घेऊन गेला, जबड्याला लावून पाहिली. बरोबर बसली.

"गुलाब, हे तू केलं?"

"हो," मी म्हटलं. "मीच केलं लालसूभाऊ."

"मले वाटे वापस देतानी पोलिसायनं फोडली असन." त्यानं नळी पुन्हा गोणपाटावर ठेवली. मग म्हणाला, "त्या दिवशी तेल माह्या हाताले लागलं होतं. मनलं, तुले मालूम असन. तू मशीनवाला मानूस. काई धोका असता तं तू मले देल्ली नसती."

मला रडू आलं नाही. रडू आलं असतं तर निदान तोंड लपवायला जागा झाली असती.

"बरं," तो म्हणाला, "ह्या नळीचा चांगला तुकडा काप. सुकरीले फुकणी करून दे. चूल फुकाले तरी कामी येईन."

मी कापली. हातभर तुकडा काढला, दोन्ही तोंडं घासून गुळगुळीत केली, तोंडाला लागू नये म्हणून कड गोल केली. तो पाहत होता, पूर्वी पाहायचा तसाच. फुकणी हातात घेऊन त्यानं एक फुंकर मारून पाहिली. वच्छलेनं जेवायला हाक मारली, तर म्हणाला, "नाई बाई, पोट भरलं हाय." तो आमच्या घरातून पहिल्यांदाच न जेवता निघाला.

दारात थांबून त्यानं विचारलं, "अन् तुही कुठी हाय?"

माझी. त्याची मी फोडली, पण माझी मला फोडवली नव्हती. तीन वर्षांत चक्री नवीन केली होती. बाकाखालच्या पत्र्याच्या पेटीत ती पडली होती, त्याच्यापासून दोन हातांवर, तेल लावून, फडक्यात गुंडाळून. महिन्यातून एकदा बाहेर काढून मी तिची चक्री फिरवून पाहतो. टक-टक-टक. आता एवढं सगळं कबूल केल्यावर एवढंच राहिलं होतं, तेही सांगून मोकळा झालो असतो. पण माझ्या तोंडातून निघालं, "नदीत टाकून देल्ली. तवाच."

"बरं केलं," लालसूभाऊ म्हणाला. फुकणी काखेत धरली. मग नाक वर करून त्यानं एक लांब श्वास घेतला, जंगलात घेतात तसा, आणि एकदा बाकाखाली पाहिलं.

"टोरीचं तेल नको लावत जाऊ तिले," तो म्हणाला. "दूरवर वास येते. कोनाड्यात माह्यं मेण हाय ना, ते लाव."

तो गेला. कोनाड्यात मेण अजून आहे. वच्छला गोधडीचा दोरा त्यावरून ओढते, त्याच्या खाचा पडल्यात त्यावर. मी अजून त्याला हात लावलेला नाही.